लेकरांवर हात का उठतो?

‘डॉक्टरसाहेब, हे पोरगं काही केल्या ऐकत नाही. मारून मारून माझाच हात दुखायला लागला. तुम्हीच एक मोठी सुई टोचा त्याला!’ तालुक्याच्या गावी दवाखाना चालविणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला हे वाक्य नवे नाही. आई असे म्हणते, बाकावरचे रुग्ण हसतात, मूल आईच्या पदराआड तोंड लपविते आणि खोकल्याचे औषध घेऊन दोघे निघून जातात. मग पुढचा रुग्ण, तो चार इयत्ता अधिक शिकलेला असेल तर, हळूच म्हणतो, ‘या लोकांचं असंच असतं हो. पोरं जन्माला घालायची आणि ढोरासारखी बडवायची. अडाणीपणा, दुसरं काय!’

आजचा लेख या दुसऱ्या वाक्याविषयी आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. मुलांना मारणे वाईट, त्याचे समर्थन मी करणार नाही. पण कष्टकऱ्यांच्या घरी हात वारंवार उठतो त्यामागे अडाणीपणापेक्षा कर्ज, थकवा, दुखणे, दारू आणि मुलाला ठेवायला जागा नसणे ही कारणे अधिक असतात. ही कारणे दूर करता येतात. ती तशीच ठेवून आईबापांना नुसता उपदेश करणे म्हणजे गळक्या छपराखाली भांडे ठेवण्यासारखे आहे.

मार फक्त गरिबाघरीच नाही

प्रथम एक गैरसमज दूर करू. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यासाठी १३ राज्यांतील १२ हजारांहून अधिक मुलांशी बोलणे झाले होते. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक मार खाल्ल्याचे सांगितले. ज्यांनी घरात मार खाल्ला, त्यांपैकी शंभरात ८८ जणांना मारणारे आईवडीलच होते. एवढी मुले काही एकट्या झोपडपट्टीतली असू शकत नाहीत. तेव्हा बंगल्यातही मार बसतो. फरक इतकाच, की बंगल्याच्या भिंती जाड असतात. पत्र्याच्या खोलीतले रडणे गल्लीभर ऐकू जाते आणि नाव मात्र गल्लीचे खराब होते.

तरीही एक गोष्ट खरी आहे. घरावर पैशाचा ताण वाढला की मुलांना होणारी शिक्षा वाढते आणि कडकही होते. हे निरनिराळ्या देशांत दिसून आले आहे. ते का होते, हे समजून घेण्यासाठी आपण थोडे दूर, अमेरिकेतील शेतकऱ्यांकडे जाऊ.

पैसा कमी पडला की काय होते?

१९८० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील आयोवा राज्यात शेतीवर मोठे संकट आले. व्याजाचे दर चढले, जमिनीच्या किमती कोसळल्या, कर्ज फिटेना, अनेकांची शेते बँकांकडे गेली. १९८९ मध्ये रँड काँगर आणि ग्लेन एल्डर या संशोधकांनी तेथील ग्रामीण भागातल्या ४५१ कुटुंबांचा अभ्यास सुरू केला. ही माणसे शिकलेली होती. घरी मोटार होती, दूरचित्रवाणी संच होता. यांना कोणी अडाणी म्हणणार नाही. तरीही आपल्या शेतकऱ्याच्या घरी जे घडते तेच तिथे घडले. बिले भागेनाशी झाली तशी आईवडिलांच्या मनाला उदासी आली, बारीकसारीक गोष्टींवरून चीड येऊ लागली. मग नवरा-बायकोत भांडणे सुरू झाली आणि शेवटी तो राग मुलांवर निघाला. पैशाच्या चणचणीने थेट हात उठत नाही. ती आधी झोप खाते, मग संसारातली शांतता खाते आणि मग मुलाच्या पाठीवर उतरते.

दुसरा अभ्यास आपल्या देशातला, तोही उसाचा आहे. तामिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची बुद्धिचाचणी संशोधकांनी दोन वेळा घेतली. एकदा तोडणीच्या आधी, जेव्हा हातात पैसा नसतो, दागिने गहाण पडलेले असतात. आणि एकदा बिल हातात आल्यानंतर. तोच शेतकरी आधीच्या चाचणीत कमी पडला आणि नंतरच्या चाचणीत चांगला उतरला. हा अभ्यास २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचा अर्थ सरळ आहे. उद्याच्या पैशाची काळजी डोक्यात जागा अडवून बसते. उरलेल्या जागेत विचार करून, मनाला आवर घालून वागणे अवघड होते. मुलाने कप फोडल्यावर ‘जाऊ दे’ म्हणायला मनाची जी सवड लागते, ती अशा वेळी शिल्लकच नसते.

आणि पैसा आला तर? याचेही उत्तर एका योगायोगाने मिळाले. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात १,४२० ग्रामीण मुलांची वर्षानुवर्षे तपासणी चालू होती. त्यांतील साधारण एक चतुर्थांश मुले तिथल्या मूळ रहिवासी जमातीची होती. ती चालू असतानाच या जमातीच्या वसाहतीत एक जुगारगृह सुरू झाले आणि त्याच्या नफ्यातला वाटा जमातीतील प्रत्येकाला मिळू लागला. जुगाराचे गोडवे मी गाणार नाही. पण या पैशाने ज्या घरांचे दारिद्र्य संपले, त्या घरांतील मुलांचा हट्टीपणा, मारामाऱ्या, उलट उत्तरे देणे हे सारे कमी झाले आणि ती मुले कधीच गरीब नसलेल्या मुलांसारखी वागू लागली. कारण शोधले तेव्हा आढळले, की आईबापांना मुलांकडे लक्ष द्यायला आता सवड मिळत होती. त्यांना कोणी संस्कारवर्गाला बसविले नव्हते.

उचल, कोयता आणि बांधावरचे मूल

आता आपल्या मुलखात येऊ. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून, अहिल्यानगरच्या पाथर्डी-शेवगाव भागातून, जालना-परभणीकडून ऊसतोड कामगारांचे तांडे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल आधीच लग्नात, दवाखान्यात किंवा जुन्या देण्यात संपलेली असते. आता ती टनावारी ऊस तोडून फेडायची. एक दिवस अंग दुखले म्हणून घरी बसले तर खाडा धरला जातो आणि देणे वाढते.

ही बाई पहाटे अंधारात उठते. कोपीत चूल पेटवून भाकरी थापते आणि उजाडण्याआधी फडात पोचते. दिवसभर नवऱ्याने तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीत चढवायच्या. ट्रॅक्टर रात्री आला तर रात्री भरायचा. तान्हे मूल बांधावर झोळीत असते. चालते मूल उसाच्या पाचटात खेळते. आसपास काय असते? कोयते, उघडी विहीर, कालवा, साप आणि मागेपुढे होणारे ट्रॅक्टर.

अशा ठिकाणी दोन वर्षांचे मूल चाकाजवळ गेले तर आईने काय करावे? मुलांच्या मानसशास्त्राची पुस्तके सांगतात, की त्याला जवळ घ्या, शांतपणे समजवा, त्याचे लक्ष दुसरीकडे वळवा. सल्ला अगदी योग्य आहे. पण तो अमलात आणायला आईचे दोन हात मोकळे हवेत. हिच्या डोक्यावर मोळी आहे. ती मोळी टाकून धावते आणि फडाफड चार चापट्या ठेवून देते. मूल पुन्हा तिकडे जाऊ नये, एवढाच तिचा हेतू. बांधावर कुंपण नाही, म्हणून चापटीचे कुंपण.

यात आणखी एक पायरी आहे, ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. धाकट्याला सांभाळायला आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण असते. शाळा बुडवून ती आईबापांबरोबर आलेली असते. धाकटे पडले, भाजले, की आईचा मार थोरलीला बसतो. मग थोरलीचा हात धाकट्यावर चालतो. मुकादम बापावर ओरडतो, बाप आईवर, आई थोरलीवर, थोरली धाकट्यावर. सर्वांत वरच्या पायरीवरचा ताण घरंगळत सर्वांत लहान जीवापर्यंत येतो. हे चित्र उसाच्या फडापुरतेच नाही. वीटभट्टी, खडी केंद्र, बांधकाम, घरी बसून वळायच्या विड्या, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच.

मारणाऱ्या आईची प्रकृती

मूल तपासायला आलेल्या आईकडेही डॉक्टरने एकदा पाहावे, असे मला नेहमी वाटते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. रक्त कमी असलेल्या बाईला दम लागतो, डोके दुखते, चक्कर येते, कशातच मन लागत नाही आणि चिडचिड होते. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. त्या नियमाने घेतल्या की काही आठवड्यांनी बाई स्वतःच सांगते, ‘आता पोरांवर तेवढी खेकसत नाही मी.’ चिडखोर स्वभाव म्हणून जी बदनाम असते, ती पुष्कळदा नुसती रक्त कमी असलेली बाई असते.

दुसरे दुखणे मनाचे. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतिणींचा अभ्यास करून तो २००२ साली प्रसिद्ध केला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेल्या स्त्रियांपैकी शंभरात २३ जणींना नैराश्याचा आजार होता. गरिबी, नवऱ्याशी न पटणे, त्याची मारहाण, आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे, या गोष्टींनी हा धोका वाढत होता. असे नैराश्य आलेली बाई ‘मला उदास वाटते’ असे आपणहून म्हणत नाही. ती ‘अंगात त्राण नाही, हातपाय गळाल्यासारखे होतात, झोप नाही, बाळ रडले की डोके फिरते’ असे सांगते. तिला शक्तीची बाटली किंवा सलाईन देऊन घरी पाठविले तर आजार तसाच राहतो. या आजारावर बोलून आणि गरज पडल्यास औषधांनी चांगले उपचार होतात. आईचे नैराश्य बरे करणे हे बाळाचेच औषध आहे.

तिसरे कारण दारू. पिऊन आलेला बाप कोणत्या चुकीसाठी मारतो हे त्याचे त्यालाच ठाऊक नसते. तो आईला मारतो तेव्हा मुलाला एक बोटही न लावता त्या मुलाचे नुकसान झालेले असते. शिवाय मार खाल्लेली आई तो राग कोठे काढणार? पण दारूवरही इलाज आहे. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी प्रशिक्षित समुपदेशकांनी फक्त चार बैठकींपर्यंत बोलणे केले. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते. तरी एरवीच्या उपचारांपेक्षा अधिक पुरुषांचे पिणे आटोक्यात आले. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘दारुडा सुधारत नाही’ हे म्हणणे सोपे असते, खरे नसते.

‘ऐकत नाही’ याचा खरा अर्थ

आता मुलाकडे वळू. ज्या ‘चुकां’साठी मुले मार खातात, त्यांतल्या कित्येक चुका नसून आजार असतात आणि हे आजार गरीब घरांत अधिक आढळतात.

‘ऐकत नाही’ या तक्रारीचेच पाहा. कान वाहणाऱ्या मुलाला खरोखरच ऐकू कमी येते. पडद्यामागे पाणी साचले तरी तसेच होते. मागून हाक मारली तर ते वळून पाहत नाही, शाळेत गुरुजींचे निम्मे बोलणे त्याला कळत नाही. घरी आणि शाळेत दोन्हीकडे त्याला मार. बाजार समितीत हमाली करणारे एक गृहस्थ आपल्या सात वर्षांच्या मुलाला ‘मस्तवाल झालाय’ म्हणून घेऊन आले होते. मुलाचे दोन्ही कान वाहत होते. कानाच्या डॉक्टरांकडे उपचार झाले, कान कोरडे झाले आणि मस्तीही उतरली. अशी मुले प्रत्येक शाळेत आहेत.

माती खाणारे मूल घ्या. त्याला चटका देणारी घरे मी पाहिली आहेत. अशा मुलांपैकी अनेकांच्या अंगात लोह कमी असते. तपासणी करून लोहाचे आणि जंताचे औषध दिले की बहुधा ही खोड जाते. अंथरूण ओले करणारे मूल घ्या. पाच वर्षांच्या शंभर मुलांतील सुमारे पंधरा मुले झोपेत लघवी करतात. तो आळस नसतो. लघवीवरचा ताबा उशिरा येतो इतकेच. मारल्याने भीती वाढते आणि अंथरूण ओले व्हायचे ते होतेच. बोलता बोलता काही क्षण शून्यात पाहत राहणारे मूल नेहमीच लक्ष न देणारे नसते. कधीकधी तो फिट्सचा एक प्रकार असतो. आणि फळ्यावरचे चुकीचे उतरविणाऱ्या मुलाला छडीची नव्हे, चष्म्याची गरज असू शकते.

यासाठी शासनाची सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झाला. त्यात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतील मुलांची डॉक्टरांच्या पथकाकडून तपासणी होते आणि पुढील उपचारही मोफत होतात. पथक येईल त्या दिवशी मुलाला शाळेत पाठवा. शिक्षकांनीही ‘हा मंद’, ‘हा द्वाड’ असा शेरा मारण्याआधी त्या मुलाचे नाव पथकाला सांगावे.

‘आम्ही मार खाऊनच घडलो’

एवढे वाचून काही वडीलधारी मंडळी म्हणतील, ‘आम्ही काय कमी मार खाल्ला? म्हणून तर सुधारलो!’ हे म्हणणाऱ्यांचा मी आदर करतो. पण ते घडले ते माराने, की मार देणाऱ्या बापाने त्याच हातांनी केलेल्या कष्टाने, याचा त्यांनी विचार करावा. दीड लाखांहून अधिक मुलांवरील पन्नास वर्षांतील संशोधन एकत्र करून एलिझाबेथ गर्शॉफ आणि सहकाऱ्याने २०१६ मध्ये निष्कर्ष मांडला. साधी चापट खाणारी मुलेसुद्धा अधिक आज्ञाधारक झाल्याचे आढळले नाही. उलट मार आणि आक्रमकपणा, मार आणि मनाचे आजार यांची सांगड दिसली. माराने मूल त्या क्षणापुरते थांबते. नंतर ते एवढेच शिकते, की मोठ्याने लहानाला मारायचे असते.

शिवाय काही मार थेट दवाखान्यात आणतात, ते सर्वांनी लक्षात ठेवावेत. कानशिलात मारल्याने कानाचा पडदा फाटू शकतो. दोन वर्षांच्या आतील बाळाला रागाने गदागदा हलविल्यास मेंदूत रक्तस्राव होऊन ते दगावू शकते. पोटात लाथ बसली तर आतडे किंवा प्लीहा फुटू शकते. एका हाताने हिसका देऊन उचलले तर लहान मुलाचे कोपर निसटते. डोक्यात मारल्यानंतर उलट्या, गुंगी किंवा फिट आली तर क्षणभर न थांबता रुग्णालय गाठावे. आणि डॉक्टरांना ‘पडला’ असे खोटे सांगू नये. खरे कारण कळले तरच योग्य उपचार होतात.

कायदा आणि पाळणाघर

शाळेत मारण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे अशा कोणीही त्याच्याशी क्रूरपणे वागल्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे शिक्षा होऊ शकते. मुलाच्या जिवाला धोका असेल तिथे कायद्याचा आधार घ्यायलाच हवा आणि शेजाऱ्यांनी ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणून गप्प बसू नये. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत दूरध्वनी त्यासाठीच आहे.

परंतु रोजच्या चापट्यांना तुरुंग हे उत्तर नाही. मजुरी करणारी आई कोठडीत गेली तर मूल कोणाच्या भरवशावर राहील? घरातही मुलांना मारण्यास पूर्ण बंदी घालणारा जगातील पहिला देश स्वीडन. तो कायदा १९७९ साली झाला. पण तिथल्या सरकारने नुसता कायदा केला नाही. घरोघर माहितीपत्रके पाठविली, दुधाच्या खोक्यांवर सूचना छापल्या. शिवाय बाळंतपणाची भरपगारी रजा आणि पाळणाघरे यांची तिथे सोय होती. आपल्या शेजारच्या नेपाळनेही २०१८ मध्ये असा कायदा केला. आपल्याकडे तो झाला तर मी स्वागतच करीन. पण पाळणाघर आधी, दंडुका नंतर.

ही कल्पना परदेशी नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. त्यातून अंगणवाडी जन्मली. पुढे कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका ठिकाणी आणली. धाकट्याला सांभाळणाऱ्या थोरल्या बहिणीला त्यामुळे धाकट्यासह शाळेत येता आले. दिल्लीत मीरा महादेवन यांनी १९६९ साली बांधकामाच्या जागेवरच मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर उघडले, त्यातून ‘मोबाईल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. आणि २०२२ पासून केंद्र सरकारची ‘पाळणा’ ही योजना आहे, तीत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येते.

म्हणून माझी मागणी अशी, की साखर कारखान्याच्या ज्या गटात तोडणी चालते तिथे, कोप्यांच्या वस्तीवर, हंगामापुरते पाळणाघर हवे. एक सावली, पिण्याचे पाणी, दोन बायका, खिचडीचे पातेले आणि भोवती खरे कुंपण. कारखाना, ग्रामपंचायत आणि अंगणवाडी यांनी मिळून ठरविले तर हे अशक्य नाही. कारखान्याच्या वार्षिक सभेत उसाच्या भावावर बोलणाऱ्या सभासदांनी हा प्रश्नही विचारावा. तोडणी कामगारांची मुले गावी राहावीत म्हणून जी हंगामी वसतिगृहे आहेत, ती हंगाम सुरू होण्याआधी उघडावीत. तांडा निघून गेल्यावर उघडलेले वसतिगृह कोणाच्या कामाचे?

घरच्या घरी काय करता येईल?

आईबापांसाठी मोजकेच सांगतो, कारण त्यांना सवड कमी आहे हे मी जाणतो.

१) राग चढला की मुलापासून चार पावले दूर जा, तोंडावर पाणी मारा. बाळाचे रडणे असह्य झाले तर त्याला सुरक्षित जागी निजवा आणि शेजारणीला हाक मारा. दोन मिनिटे रडल्याने बाळाला काही होत नाही.

२) मुले बहुधा दिवेलागणीला मार खातात. त्या वेळी आई थकलेली असते आणि मूल भुकेले. कामावरून आल्याबरोबर मुलाच्या हातात भाकरीचा तुकडा, गूळ-शेंगदाणे द्या आणि पाच मिनिटे त्याला मांडीवर घ्या. निम्मे हट्ट तिथेच संपतात.

३) शिक्षा करायचीच तर खेळ थोडा वेळ बंद करा, पण कारण सांगा आणि बोललेले पाळा. एकदा हसून सोडायचे आणि दुसऱ्यांदा त्याच गोष्टीसाठी झोडपायचे, हे मुलाला उमगत नाही.

४) थोरलीवर धाकट्याची पूर्ण जबाबदारी टाकू नका. तीही मूलच आहे.

५) सतत रडू येत असेल, झोप उडाली असेल, बाळाला काही करून बसू अशी भीती वाटत असेल, तर लपवू नका. आशाताईंना सांगा, दवाखान्यात या, किंवा १४४१६ या ‘टेलिमानस’च्या मोफत क्रमांकावर बोला.

आणि आम्ही, जे शिकलेसवरलेले म्हणवितो, त्यांनीही थोडे बदलावे. घरकाम करणाऱ्या बाईचे मूल आजारी असेल त्या दिवशी तिचा खाडा धरू नये. मजुराचे पैसे शनिवारचे शनिवारी द्यावेत; सोमवारवर ढकललेल्या मजुरीची किंमत रविवारी त्याच्या घरातले सर्वांत लहान माणूस चुकवत असते. गल्लीत मूल मार खाताना दिसले तर लांबून नावे ठेवण्यापेक्षा पुढे होऊन म्हणावे, ‘ताई, द्या त्याला जरा माझ्याकडे, तुम्ही पाणी प्या.’ आम्ही डॉक्टरांनी ‘का मारलेस?’ असे दरडावण्याऐवजी ‘किती तास झोपतेस? घरी जेवायला शेवटी कोण बसते?’ असे विचारावे. या प्रश्नांची उत्तरे ऐकली की पुढचे औषध कोणाला लिहून द्यायचे, मुलाला की आईला, हे आपोआप कळते.

गळीत हंगाम दरवर्षी येतो. तांडे निघायच्या आधी कोप्यांच्या जागा ठरतात, बैलांच्या चाऱ्याची सोय ठरते, गाड्यांचे डिझेल ठरते. मुलांना दिवसभर कोण सांभाळणार, हेही त्याच यादीत लिहिले गेले पाहिजे.